मांड

गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडात भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्याच्यापाशी दोन माणसांपुरती, छप्पर मागे लोटता येणारी एक लहानशी जपानी मोटार आहे. मी चाळीस वर्षे मोटार हाकीत आलो. खंबाटकीचा घाट भर पावसात, रात्रीच्या वेळीही चढलो आहे. म्हणून भाच्याने किल्ली पुढे केली तेव्हा मी ती काहीशा तोऱ्यातच घेतली. पहिल्या दहा मिनिटांत गाडी तीनदा बंद पडली, एकदा गचके खात चालली, आणि एका वळणाआधी दुसरा गिअर टाकताना असा झटका बसला की मागून येणाऱ्या गृहस्थांनी सौजन्याने आपले अंतर वाढविले. गाडी निर्दोष होती. जी काही खोट होती ती माझ्या डाव्या पायात होती.

परत आलो तेव्हा भाच्याची सतरा वर्षांची मुलगी फाटकापाशी उभी होती. तीही त्या वेळी मोटार शिकत होती, पण स्वयंचलित गिअरची. इंग्लंडात याचा परवानाच वेगळा असतो. स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर हाताने गिअर बदलावयाची गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तिने हसत विचारले, "आजोबा, जे काम गाडी आपले आपण करते, ते तुम्ही कशाला करता?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे विचार करू लागलो तसे ध्यानात आले की, प्रश्न पोरीचा असला तरी पोरकट नाही. त्याच्या पोटात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट सांगितल्यावाचून उत्तर देता येणार नाही, आणि सांगितल्यावर ते उत्तर तिला पटेलच असेही नाही. तरी सांगून पाहतो.

*

मोटारीला गिअर मुळात लागतात कशाला, येथूनच आरंभ करावयास हवा. वाफेच्या यंत्रात वाफ कोंडून ठेवता येते, आणि झडप उघडताच ते जागच्या जागेवरून पूर्ण जोर लावते. विजेची मोटार तर उभी असतानाच जास्तीत जास्त ओढते. पेट्रोलच्या एंजिनाचे तसे नाही. ते आधी फिरत असावे लागते, आणि फिरण्याच्या एका ठराविक वेगातच त्याच्या अंगात बळ असते. त्याच्याखाली ते गुदमरते, त्याच्यावर ते धापा टाकते. चाकांना मात्र शून्यापासून सगळे वेग हवेत. या दोहोंचे लग्न लावण्यासाठी मध्ये मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी. आणि बोलणी चालू असताना दोन्ही पक्षांना क्षणभर वेगळे करणारा तो क्लच.

ही जुळणी पॅरिसच्या पानार आणि लेव्हासोर या कारखान्यात एमिल लेव्हासोरने १८९१ च्या सुमारास बसविली. पुढे एंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरची पेटी, आणि जोर मागच्या चाकांना, ही त्याची मांडणी पुढे जवळजवळ सर्व जगाने उचलली. त्याच्या पेटीत दांड्यावर सरकणारी दंतचक्रे होती. एक चक्र फिरत असता दुसरे बाजूने सरकवून त्याच्या दातांत दात अडकवावयाचे, असा तो प्रकार. आपली युक्ती रांगडी आहे पण चालते, अशा अर्थाचे उद्गार लेव्हासोरनेच काढल्याचे सांगतात. ती चालली हे तर खरेच. जून १८९५ मध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची शर्यत झाली. सुमारे ११८० किलोमीटरांचे हे अंतर त्याने अठ्ठेचाळीस तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत, जवळजवळ एकट्याने गाडी हाकीत पुरे केले. दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्यानंतर सुमारे सहा तासांनी आली. तरीसुद्धा पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही, कारण नियमाप्रमाणे गाडीत चार माणसांची सोय हवी होती आणि त्याची गाडी दोघांचीच होती! हलक्या, दोघांपुरत्या गाड्यांकडे शहाण्या जगाने संशयाने पाहण्याची परंपरा अशी अगदी आरंभापासूनची आहे. पुढल्याच वर्षीच्या शर्यतीत लेव्हासोर गाडीतून फेकला गेला. त्या दुखापतींतून तो पुरता सावरला नाही, आणि १८९७ साली वारला.

लेव्हासोरच्या त्या पेटीने पुढील तीसपस्तीस वर्षे चालकांना शिस्त लावली. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत घुसविली तर दातांवर दात आपटून कानठळ्या बसविणारा खरखराट होतो. तो टाळण्याची रीत अशी: खालचा गिअर टाकावयाचा असेल तर क्लच दाबावा, दांडा मधल्या मोकळ्या जागी आणावा, क्लच सोडावा, अ‍ॅक्सिलरेटरला किंचित टोला देऊन पेटीतील चक्रांची गती वाढवावी, पुन्हा क्लच दाबावा, आणि मग दांडा हलकेच आत लोटावा. हे सगळे एका श्वासात, आणि सगळे कानाने. घड्याळाकडे किंवा काट्याकडे पाहण्यास वेळच नसतो. आमच्या लहानपणी जुन्या एस.टी.त आणि मालमोटारींत ड्रायव्हर असा दोनदा क्लच दाबताना दिसत. घाट आला की आम्ही मुले ड्रायव्हरच्या मागल्या बाकावर जागा धरीत असू. गुडघ्याएवढ्या दांड्यावर त्याचा हात, एंजिनाचा चढता सूर, मध्येच एक क्षणभर शांतता, आणि मग न कुरकुरता आत गेलेला गिअर! ती कला आहे असे त्या गृहस्थांना कधी वाटले असेल असे नाही. तो त्यांच्या पोटापाण्याचा भाग होता. चुकले तर पेटी फुटे.

*

ही सक्ती ज्या माणसाने संपविली त्याचे नाव अर्ल टॉम्प्सन. हा अमेरिकन यंत्रज्ञ. दातांची गाठ पडण्यापूर्वी दोन शंकू एकमेकांवर घासावेत, त्या घर्षणाने दोन्ही चक्रांची गती सारखी व्हावी, आणि मगच दात एकमेकांत जावेत, अशी त्याची साधी कल्पना. कॅडिलॅक मोटारींत १९२८ साली ती आली, आणि जे साधण्यास महिने लागत ते कोणाही नवशिक्याला एका दुपारी साधू लागले. गंमत अशी की, टॉम्प्सन एवढ्यावर थांबला नाही. क्लचचा पायच काढून टाकणारी, गिअर आपले आपण बदलणारी हायड्रामॅटिक पेटी १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांत विक्रीस आली. तिच्या घडणीचा म्होरक्याही तोच. म्हणजे एका माणसाने अकरा वर्षांत आधी कौशल्याची गरज कमी केली आणि मग ती गरज साफ मिटविली. माझ्या नातीने विचारलेला प्रश्न वस्तुतः १९३९ सालीच उभा राहिला होता.

त्याला पहिले उत्तर मिळाले ते इंग्लंडातून, आणि तेही अनपेक्षित रीतीने. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस मोटारींच्या सांगाड्यावर चपळ, देखण्या गाड्या बांधण्याचा उद्योग आरंभिला. त्याच दुकानाच्या आद्याक्षरांवरून या गाड्यांना एम.जी. हे नाव पडले. १९२९ साली विक्रीस आलेली त्याची मिजेट ही अवघ्या ८४७ सी.सी. एंजिनाची, तोवर शर्यतीची गाडी म्हणजे श्रीमंतांचे खेळणे होते, ते या गाडीने कारकुनाच्या आटोक्यात आणले. त्याच वर्षी कारखाना अ‍ॅबिंग्डन या लहान गावी गेला. पुढे मालकांशी बिनसून किंबरला १९४१ साली बाहेर पडावे लागले, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात झालेल्या आगगाडीच्या अपघातात तो गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅबिंग्डनहून जी गाडी निघाली तिने त्याचे नाव सातासमुद्रापार नेले. ते पाहण्यास तो नव्हता.

ती गाडी म्हणजे टी.सी. एंजिन १२५० सी.सी.चे, बळ ५४ अश्वशक्तीचे, वजन आठशे किलोच्या आसपास. रूप युद्धापूर्वीचे, चाके तारेची आणि सायकलीसारखी उंच, पहिल्या गिअरला टॉम्प्सनची सोय नाही. १९४९ पर्यंत सुमारे दहा हजार गाड्या बांधल्या गेल्या. कर्जात बुडालेल्या ब्रिटनला परकी चलन हवे होते, त्यामुळे बहुतेक गाड्या परदेशी रवाना झाल्या. त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेत पोचल्या. युद्धकाळात इंग्लंडात राहिलेल्या अमेरिकन शिपायांनी अशा गाड्या तेथील अरुंद रस्त्यांवर पाहिल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या देशात त्या वेळी गाड्या दीड टनाहून जड होऊ लागल्या होत्या आणि क्लचचा पाय नाहीसा होत होता. सरळ रस्त्यावर कोणतीही मोठी सेडान टी.सी.ला मागे टाकू शकली असती. तरी ज्याने टी.सी. घेतली तो हिवाळ्यात कुडकुडत, उन्हाळ्यात भाजत, उजव्या बाजूचे चक्र धरून उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात हिंडला. का?

कारण हलक्या आणि बेताच्या बळाच्या गाडीत गिअर हा नुसता मध्यस्थ राहात नाही. जड गाडीचे मोठे एंजिन चालकाच्या चुका पोटात घालते. ५४ अश्वशक्तीच्या गाडीत एक गिअर चुकीचा पडला तर पुढची टेकडी रडतखडत चढावी लागते. बरोबर पडला तर तीच टेकडी पंखांनी चढल्यासारखी वाटते. चालकाच्या प्रत्येक कृतीचे फळ ताबडतोब आणि लख्ख मिळते. जेथे फळ आपल्या हातचे असते, तेथेच शिकण्याची गोडी लागते.

*

हलकेपणाचे हे शास्त्र ज्याने टोकाला नेले तो कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकत असता १९४८ साली त्याने १९२८ ची एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून तिच्यातून आपली पहिली गाडी बांधली, आणि १९५२ साली लोटस कंपनी काढली. त्याचा विचार असा की, बळ वाढविले तर गाडी सरळ रस्त्यावर धावेल. वजन घटविले तर ती सर्वत्र धावेल. हिशेब सोपा आहे. वजन कमी झाले की तेच एंजिन अधिक जोराने ओढते, तेच ब्रेक अधिक लवकर थांबवितात, तेच टायर वळणात अधिक घट्ट धरतात. १९५७ ची त्याची सेव्हन म्हणजे पत्र्यात गुंडाळलेला नळ्यांचा सांगाडा होता. १९६२ ची एलान त्याहून सभ्य, पण तिचेही वजन सातशे किलोच्या आत.

परंतु या हलकेपणाला किंमत होती, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या जितक्या चपळ तितक्याच नाजूक, अशी तक्रार त्याच्या चालकांनीच केली होती. योखेन रिंटने १९६९ साली एका भीषण अपघातानंतर त्याला पत्र लिहून, थोडे वजन वाढले तरी चालेल पण भाग बळकट करा, अशी विनवणी केली. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझाच्या सरावात रिंट मरण पावला; त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मृत्यूनंतर मिळाले. हलके करणे म्हणजे काहीतरी काढून टाकणे. काय काढले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे विचारणे भागच असते.

हाच प्रश्न अमेरिकेतील कायद्यांनी आपल्या परीने विचारला. अपघातात माणूस वाचावा आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून केलेले नियम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून कडक होत गेले. नियम योग्यच होते. जुन्या गाड्यांना मात्र ते पेलले नाहीत. एम.जी.बी. या गाडीला १९७४ साली जाड रबरी बंपर लागले आणि तिची उंचीही वाढविण्यात आली. चपळ हरणाला लोढणे बांधावे तसे झाले. एलान त्या सुमारास बंद झालीच होती. १९८० च्या ऑक्टोबरात अ‍ॅबिंग्डनचा कारखाना मिटला. स्वस्त, हलकी, उघडी गाडी ही जात आता संपली असे तेव्हा जाणत्यांना वाटले असल्यास नवल नाही.

*

ती पुन्हा जन्मली हिरोशिमात. माझ्दा कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांना १९७९ साली बॉब हॉल नावाचा अमेरिकन मोटार-पत्रकार भेटला. तुम्ही पुढे काय करावे, या विषयावर बोलताना त्याने, जुन्या इंग्रजी गाड्यांसारखी साधी, उघडी, मागची चाके ओढणारी स्वस्त गाडी बांधा, असे सुचविले. पुढे हॉल त्याच कंपनीत नोकरीस लागला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात एम.एक्स. ५ लोकांपुढे आली. एंजिन १६०० सी.सी., गिअर पाच, वजन एका टनाच्या आत. चॅपमनच्या एलानची छाया तिच्यावर उघड दिसते. मात्र ती पावसात गळत नसे आणि सकाळी हटकून चालू होई.

प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी आपल्या लोकांपुढे एक जुना जपानी शब्द ठेवला: जिन्बा इत्ताई. माणूस आणि घोडा, एक देह. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या स्वाराला लगाम सोडावाच लागतो. तेव्हा घोडा आणि तो यांच्यात जे उरते ते या शब्दात आहे. मग त्या शब्दाच्या अनुरोधाने गाडी घडविली. दोघे आत बसले असता पुढल्या आणि मागल्या चाकांवर सारखा भार यावा, एंजिनावरचे झाकण वजन वाचविण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे असावे, गिअरची पेटी आणि मागचा आस एका ताठ चौकटीने जोडावेत म्हणजे पायाची हालचाल चाकापर्यंत लगेच पोचावी, आणि गिअरचा दांडा नुसत्या मनगटाने हलावा. एप्रिल २०१६ मध्ये दहालाखावी गाडी हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली.

या घटनेतली महत्त्वाची गोष्ट संख्या नव्हे. लेव्हासोरच्या काळी हाताने गिअर बदलणे ही गरज होती. किंबरच्या काळी ती सवय होती. १९८९ साली ती निवड होती. या गाडीला पुढे स्वयंचलित गिअरही मिळाला. तरी तिचा पिंड घडला तो हाताच्या गिअरवर. सोय पदरात असताना माणसे जाणूनबुजून ती दूर ठेवू लागली.

*

जिन्बा इत्ताई हा शब्द वाचला तेव्हा मला आपला शब्द आठवला: मांड. घोड्यावर कोणीही बसेल. मांड बसण्यास काळ जावा लागतो. मांड म्हणजे मांड्यांचा जोर नव्हे. घोडा पुढे काय करणार हे स्वाराच्या अंगाला डोक्याआधी कळणे, ही खरी मांड. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे लहान चणीची, काटक आणि हलकी होती. त्यांच्यावर मांड पक्की असलेल्या स्वारांनी जडशीळ फौजांना डोंगरांतून कसे दमविले, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या महिन्यात माझी मांड कशी बसली ते थोडक्यात सांगतो. पहिल्या आठवड्यात कळले की माझा डावा पाय बहिरा आहे. जड गाडीच्या क्लचला मी वर्षानुवर्षे नुसता तुडवीत आलो होतो; येथे तो कोठे धरू लागतो ती जागा बोटभर रुंदीची, आणि तळव्याला ती ऐकावी लागते. भाच्याने सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, केवळ क्लच सावकाश सोडून गाडी हलविण्याचा पाठ दिला. वीस वेळा केल्यावर एकदा ती माझ्या नकळत निघाली. दुसऱ्या आठवड्यात कळले की हात फार घाई करतो. दांड्याला ढकलावयाचे नसते, वाट दाखवावयाची असते; गार एंजिन असताना दुसरा गिअर तर जरा आर्जवानेच घ्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात वळणे आली. वेग कमी करणे आणि खालचा गिअर घेणे ही कामे वळणाआधी उरकावयाची, आणि खालचा गिअर घेताना एंजिनाला तो जुना टोला द्यावयाचा. त्या टोल्याची आता सक्ती नाही; टॉम्प्सनच्या शंकूंनी दातांची काळजी मिटविली आहे. पण टोला दिला नाही तर हलकी गाडी झटका खाते, मागची चाके किंचित अडखळतात आणि ती नाराजी थेट माझ्या पाठीला समजते. एके दिवशी संध्याकाळी तो सूर चढला, क्षणभर शांतता आली, आणि गिअर न कुरकुरता आत गेला. घाटातल्या त्या एस.टी.च्या मागल्या बाकावर मी पुन्हा बसलो होतो. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीचे ते कौशल्य मी तेव्हा नुसते पाहिले होते. त्या संध्याकाळी ते अंगाला समजले.

असो. नातीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे का? गरज म्हणाल तर ती संपली. विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्या शून्यापासूनच ओढतात, म्हणून सहसा त्यांना गिअर बदलावे लागत नाहीत. लेव्हासोरने ज्या अडचणीवर तोड काढली ती अडचणच मिटली. धुराचा विचार केला तर हे चांगलेच झाले, आणि मी त्यासाठी गळा काढणार नाही. स्वयंचलित गाडीने ज्यांना मोकळे केले, त्यांत अधू पायाची माणसे आहेत, वृद्ध आहेत, दिवसभर रहदारीत अडकणारे आहेत. त्यांच्यापुढे कौशल्याचा टेंभा मिरविणे हा उद्धटपणा होईल. तरी एवढे म्हणतो: यंत्र आपल्यासाठी काम करते तेव्हा ते आपल्याला काही शिकवीत नाही. जे यंत्र थोडे काम आपल्याकडे ठेवते, तेच आपल्याला आपले बहिरे पाय आणि घाईचे हात दाखवून देते. जगातल्या सगळ्या गाड्यांनी हे करावे असे नाही. एखादीने करीत राहावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी हेच सगळे तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "पण मी तर स्वयंचलितचीच परीक्षा देणार." मी म्हटले, "जरूर दे." मग थोड्या वेळाने ती आपण होऊन गाडीत बसली. भाच्याच्या घरामागे एका ओळखीच्या शेतकऱ्याचे रिकामे मैदान आहे, तेथे. मी शेजारी बसलो. गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून घेतले आणि पाय अगदी सावकाश वर आणू लागली; गाडीच्या नाकात बारीकशी थरथर आली.

"आजोबा," ती डोळे न उघडताच म्हणाली, "हीच का ती जागा?"

मी उत्तर दिले नाही. गाडी चालू लागली होती.